भांडण रिव्हरचं, चूक फ्लॉपची: लिमिट होल्डेममध्ये या चुका टाळा

सिद्धूने गुंड्यांचा ढीग दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढला आणि वर मलाच विचारलं, ‘‘नुसत्या दश्शीच्या जोडीवर शेवटपर्यंत कशाला आलास बे?’’ श्रीशैलने मान डोलावली. व्यंकीने तर जाहीरच करून टाकलं की शेवटच्या चार गुंड्या मी फुकट घालवल्या. मी खाली जाऊन पाण्याची बाटली भरून वर आलो तरी वाद चालूच होता. माझं म्हणणं तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे: त्या चार गुंड्या बरोबर गेल्या. चूक त्याच्या बरीच आधी, फ्लॉपवर (मधले पहिले तीन पत्ते उघडतात तेव्हा) टाकलेल्या दोन गुंड्यांत होती. तिच्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

गुंड्या म्हणजे खऱ्याच, शर्टाच्या. अशोक चौकाजवळ व्यंकीचं शाळेचे गणवेश शिवायचं युनिट आहे. खाली मशिनी, वर गच्ची. मे महिन्यात सोलापुरात रात्री दहाच्या आधी गच्चीवर पाय ठेववत नाही, त्यानंतर आम्ही सहा जण चादर अंथरून लिमिट होल्डेम, म्हणजे पोकरचा एक प्रकार, खेळत बसतो. पांढरी गुंडी एक, निळी पाच. पैशाचा डाव लावत नाही. राज्यात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहेच, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. खरं कारण मात्र हे, की व्यंकीची आई अधूनमधून कपडे काढायला वर येते.

आता लिमिट म्हणजे काय ते थोडक्यात. होल्डेममध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, आणि मध्ये सगळ्यांचे मिळून पाच: आधी तीन (फ्लॉप), मग चौथा (टर्न), मग पाचवा (रिव्हर). नो-लिमिटसारखं ‘सगळं पुढे ढकललं’ इथे चालत नाही. बेट, म्हणजे एका वेळी टाकायच्या गुंड्या, ठरलेली असते. आमच्याकडे फ्लॉपपर्यंत दोन गुंड्या, टर्न आणि रिव्हरला चार. एका फेरीत एक बेट आणि जास्तीत जास्त तीन रेझ (बेट वाढवणं), पुढे नाही. म्हणजे समोरच्याला धाक दाखवून हाकलता येत नाही. हातात राहतं ते एवढंच, की पुढचा पत्ता त्याला कोणत्या भावात बघू द्यायचा. मार्केट यार्डात कांदा बरा की वाईट हे नंतर, आधी विचारतात कितीला घेतलास. लिमिटचं तसंच आहे.

तो डाव

मी बिग ब्लाइंडला (पत्ते बघायच्या आधीच दोन गुंड्या टाकाव्या लागतात ती जागा) होतो, हातात बदामाची दश्शी आणि बदामाची नव्वी. पहिल्याच जागेवरून सिद्धू दोन टाकून आत आला. मधला एक जण पडला, म्हणजे पत्ते टाकून बाहेर गेला, व्यंकी दोन टाकून आला, आणि डीलरच्या जागेवरून (फ्लॉपपासून पुढे सगळ्यांत शेवटी बोलतो तो) श्रीशैलने रेझ करून चार केल्या. स्मॉल ब्लाइंडवाल्याने (त्याला आधीच एक टाकावी लागते) आपली एक गुंडी सोडून दिली. मी आणखी दोन टाकल्या, सिद्धू-व्यंकीनेही टाकल्या. मध्ये सतरा गुंड्या.

फ्लॉप आला: चौकटची दश्शी, किलवरची सत्ती, इस्पिकची चौकी. माझी वरची जोडी लागली. बोलायची पाळी पहिली माझी, आणि मी आनंदाने दोन गुंड्या टाकल्या. सिद्धूने दोन टाकल्या, व्यंकीने दोन, श्रीशैलने रेझ केला, मग आम्ही तिघांनी आणखी दोन-दोन. मध्ये तेहतीस.

टर्नला इस्पिकची राणी. आम्ही तिघांनी चेक केलं (काही न टाकता पाळी पुढे दिली), श्रीशैलने चार टाकल्या. मी कॉल (तेवढ्याच टाकल्या), सिद्धू कॉल, व्यंकी पडला. मध्ये पंचेचाळीस. रिव्हरला बदामाची चौकी. मी चेक, सिद्धूने धाडकन चार टाकल्या, श्रीशैलने वैतागून पत्ते फेकले (एक्का-राजा होता, त्याने स्वतःच दाखवला), मी कॉल केला. सिद्धूकडे किलवरचा एक्का आणि किलवरची चौकी. तीन चौक्या. त्रेपन्न गुंड्या त्याच्या.

चूक पहिली: जोडी लागली की लगेच बेट

सिद्धूकडे फ्लॉपवर खालची जोडी होती. ती सुधारायला दोन चौक्या किंवा तीन एक्के, म्हणजे पाच पत्ते. न दिसलेले पत्ते सत्तेचाळीस. पाच कामाचे, बेचाळीस बिनकामाचे: प्रमाण ८.४ ला १. म्हणजे एका गुंडीमागे साडेआठच्या आसपास मिळत असतील तरच त्याने पुढचा पत्ता बघावा.

मी बेट टाकल्यावर मध्ये एकोणीस होत्या आणि त्याला टाकायच्या होत्या दोन. साडेनऊला एक. त्याचा कॉल बरोबर. श्रीशैलच्या रेझनंतर त्याची पाळी परत आली तेव्हा मध्ये एकोणतीस होत्या, टाकायच्या पुन्हा दोनच. साडेचौदाला एक. आणखी बरोबर. टर्नला एक्केचाळीसमध्ये चार. तेही बरोबर. म्हणजे हा माणूस डावभर एकदाही चुकला नाही, आणि त्याला चुकू न देणारा मी.

मी काय करायला हवं होतं? चेक. फ्लॉपआधी रेझ करणारा श्रीशैल शेवटी बोलणार होता. सिद्धू, व्यंकी त्याच्याकडे बघून चेक करणार, तो सवयीने दोन टाकणार, आणि मग मी रेझ करून चार करणार. आता मध्ये तेवीस, आणि सिद्धूला एकदम चार टाकायच्या: पावणेसहाला एक. त्याला हवेत ८.४. हा भाव त्याला परवडत नाही.

व्यंकी म्हणाला, ‘‘सिद्धू तरी पण आला असता.’’ आला असता, शंकाच नाही. सिद्धू सगळं बघायला येतो, गड्ड्याच्या जत्रेतला मौत का कुआं पण तो दोनदा बघतो. पण तो महाग भावात आला असता. चौकी तेव्हाही पडलीच असती कदाचित. पत्ता कोणता पडेल हे माझ्या हातात नव्हतं, त्याची किंमत ठरवणं होतं.

इथे एक पाठांतर घातक ठरतं: ‘चेक-रेझ करायचा’ असा नियम करून टाकणं. रेझ करणारा कुठे बसलाय त्यावर सगळं आहे. श्रीशैल माझ्यानंतर लगेच बोलणारा असता, तर उलट मी आधी बेट टाकायला हवी होती. त्याने रेझ केला असता आणि सिद्धू-व्यंकीसमोर आपोआप दोन बेटा एकदम उभ्या राहिल्या असत्या. हेतू तोच, वाट उलटी. फ्लॉप उघडला की स्वतःचे पत्ते बघण्याआधी, आधी कुणी रेझ केला होता आणि तो माझ्या कुठल्या बाजूला आहे, हे बघायची सवय लावा. मला अजून पूर्ण लागलेली नाही.

चूक दुसरी: मोठ्या ढिगासमोर शेवटच्या चार वाचवणं

आता त्या बदनाम चार गुंड्या. सिद्धूने रिव्हरला बेट टाकली तेव्हा मध्ये एकोणपन्नास होत्या. सव्वाबाराला एक. तेरा-चौदा वेळा असा कॉल केला आणि एकदा जिंकलो तरी फिटतं. सिद्धूकडे अठ्ठी-नव्वी किंवा गुलाम-नव्वीचा फसलेला सिक्वेन्स असण्याची शक्यता एवढी तरी नक्की होती. चुकून कॉल केला तर चार जातात, चुकून फोल्ड केलं (पत्ते टाकले) तर एकोणपन्नास. लिमिटमध्ये ‘मला आतून वाटलं’ म्हणून रिव्हरला पत्ते टाकणारा माणूस हुशार दिसतो आणि महिनाभराने त्याच्या डब्यातल्या गुंड्या संपलेल्या असतात. याचा अर्थ कायम कॉल करा असा नाही. बेट, रेझ, पुन्हा रेझ असं तुमच्यापुढे झालं असेल आणि तुमच्याकडे एकच जोडी असेल, तर खुशाल पडा. पण एकाची एक बेट आणि मध्ये दहापट ढीग असेल, तर बघायचं.

याच हिशेबाची दुसरी बाजू ब्लफची. तीन पत्तीत वाढलेल्यांना वाटतं की चाल वाढवली की समोरचा पॅक. इथे चाल वाढतच नाही, आणि समोरच्याला स्वस्तात बघता येतं. तरी मोठ्या ढिगात एकट्या माणसासमोर ब्लफ बारातेरा वेळांत एकदा चालला तरी पुरतो, हेही खरं. फक्त तो माणूस सिद्धू नसावा.

चूक तिसरी: फुकटचा पत्ता विकत घेऊन सोडून देणं

ही माझी नाही, श्रीशैलची, म्हणून सांगायला जास्त मजा येते. एक्का-राजावर फ्लॉपला त्याने रेझ केला. त्यात एक चांगला डाव लपलेला होता: फ्लॉपला दोन जास्तीच्या घातल्या की टर्नला सगळे घाबरून चेक करतात, आणि शेवटी बोलणाऱ्याला चारची बेट न टाकता पुढचा पत्ता फुकट बघता येतो. आम्ही तिघांनी शहाण्या मुलांसारखं चेक केलंसुद्धा! राणी पडल्यामुळे त्याला गुलामाचीही आशा होती, एक्का-राजाची तर होतीच. चेक करायचं सोडून पठ्ठ्याने चार टाकल्या, तिघांसमोर, हातात जोडीही नसताना. तिघांतला एक पडला, दोघे राहिले. यावर गच्चीवर कुणीच काही बोललं नाही, कारण तो हरला होता आणि हरलेल्याची चूक शोधायला कुणाला वेळ नव्हता. सगळा रोख माझ्यावर.

लहान जोड्यांबद्दल एक सांगून टाकतो. हातात पंजीची जोडी असेल तर फ्लॉपला तिसरी पंजी लागायचं प्रमाण साधारण साडेसातला एक. नो-लिमिटमध्ये लागली की समोरच्याचं सगळं काढता येतं. लिमिटमध्ये ठरलेल्या बेटांतूनच वसूल करायचं, म्हणून एकदोघेच आत असतील आणि वर रेझही झालेला असेल, तर अशा जोडीला चिकटू नका. चार-पाच जण असतील तर या.

वाद घालताना होणारी चूक

डाव सांगणारा जवळपास नेहमी असं सांगतो: ‘‘माझ्याकडे दश्शी-नव्वी, फ्लॉपला दश्शी, मग रिव्हरला त्याला चौकी लागली, सांग काय करणार?’’ यातून काहीच सांगता येत नाही. आधी रेझ कुणी केला, किती जण आत होते, बोलायचा क्रम काय, प्रत्येक फेरीला मध्ये किती होतं, हे सगळं गायब. दुसऱ्याचे पत्ते मात्र आधीच उघडे. मी आता व्यंकीच्या बिलबुकाच्या मागच्या पानावर पेन्सिलने क्रम आणि ढीग लिहून ठेवतो, आणि समोरच्याचे पत्ते शेवटपर्यंत सांगत नाही. सांगितले की ऐकणारा मागून हुशार होतो.

‘‘कॉम्प्युटरला विचार की’’ असंही कुणीतरी म्हणतंच. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या चमूने २०१५ च्या जानेवारीत सेफियस नावाच्या प्रोग्रॅमने लिमिट होल्डेम जवळपास पूर्ण सोडवल्याचं जाहीर केलं, ते खरं आहे. पण ते दोघांच्या खेळापुरतं. चौघे एका डावात असले की तेवढं तयार उत्तर नाही, आणि त्यात श्रीशैल असेल तर मुळीच नाही.

गेल्या रविवारी पुन्हा तसाच प्रसंग आला. मी बिग ब्लाइंडला, वरची जोडी, रेझ करणारा श्रीशैल शेवटी. मी मान खाली घालून चेक केलं. सिद्धूने चेक केलं, व्यंकीने चेक केलं. श्रीशैलने माझ्याकडे बघितलं, हसला आणि चेक केलं. टर्नचा पत्ता चौघांनीही फुकट बघितला. त्याला आता माझी सवय कळलीय, म्हणजे पुढच्या खेपेला मला परत स्वतःच दोन टाकाव्या लागणार.