सीमारेषेवरच्या थ्रोपासून बुलपेनपर्यंत: रिलीफ पिचर होण्याची वाट

गोव्यात पेडण्यापासून सांग्यापर्यंत कुठल्याही टेनिस बॉल स्पर्धेत लोकांची नजर वेगवान गोलंदाजावर खिळलेली असते. बेसबॉलसाठी रिलीफ पिचर, म्हणजे सामन्याच्या मध्यात मूळ पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) जागी येणारा खेळाडू, शोधायचा असेल तर ती नजर डीप मिडविकेटकडे वळवा. (तो आपल्या पाळीची वाट पाहत जिथे हात गरम करतो ती जागा म्हणजे बुलपेन.) तिथून टप्पा न पाडता थेट यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये चेंडू घालणारा मुलगा आपल्या कामाचा.

गोलंदाजाचा हात जवळजवळ सरळ राहतो. नियमाने कोपर १५ अंशांपर्यंतच सरळ होऊ शकतं आणि बराचसा वेग रनअपमधून येतो. पिचरला रनअप नसतो. एक पाय रबरावर, म्हणजे जमिनीत रोवलेल्या पट्टीवर, ठेवून तो पूर्ण कोपर वाकवून फेकतो, म्हणजे क्रिकेटमध्ये ज्याला नो-बॉल देतात तेच त्याचं काम. २००८ मध्ये भारतातल्या स्पर्धेतून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल भालाफेकपटू होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. मेजर लीगपर्यंत, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च स्तरापर्यंत, दोघेही पोचले नाहीत, पण डावखुरा रिंकू रिलीफ पिचर म्हणून तिच्या खालच्या मायनर लीगमध्ये काही हंगाम खेळला.

वेग मोजा, अंदाज नको

रडार गन नसेल तर मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा चालतो. सेकंदाला २४० फ्रेम ठेवा आणि बाजूने असं चित्रण करा की हात आणि कॅचर (बेसबॉलचा यष्टिरक्षक) दोन्ही दिसतील. रबरापासून होम प्लेटपर्यंत (बॅटरसमोरच्या जमिनीवरच्या पट्टीपर्यंत) १८.४४ मीटर अंतर असतं, पण पिचर पाऊल पुढे टाकून सुमारे १.८ मीटर पुढून चेंडू सोडतो. उरतात साधारण १६.६ मीटर. चेंडू सुटल्यापासून प्लेटवर येईपर्यंतच्या फ्रेम मोजा. १२० फ्रेम म्हणजे सरासरी ताशी ११९ ते १२० किमी, ११० म्हणजे १३०, १०० म्हणजे १४३. हवेत चेंडूचा वेग कमी होत जातो, त्यामुळे हातातून सुटतानाचा वेग यापेक्षा चार-पाच टक्के जास्त धरा. मेजर लीगमध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी १५१ किमीच्या आसपास आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने नीट प्रशिक्षण न घेता १३५ गाठला तर त्याच्यावर मेहनत घ्यावी. १२० वर अडकलेल्या पंचविशीतल्या खेळाडूला व्यावसायिक करिअरचं स्वप्न दाखवणं बरोबर नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चेंडू आणि आपली दमट हवा

बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलका आणि किंचित मोठा. त्यावर १०८ दुहेरी टाके असतात आणि बोटांचा सगळा खेळ त्या टाक्यांवर चालतो. मेजर लीगची मैदानं चेंडू ठरावीक आर्द्रतेत ठेवतात, बहुतेक ठिकाणी ५७ टक्के. गोव्यात पावसाळ्यात हवा याच्या कितीतरी पुढे असते. उघड्यावर राहिलेला चेंडू ओल धरून जड होतो, चामडं गुळगुळीत होतं, बुरशीही येते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत चेंडू ठेवा आणि पुड्या दर पंधरवड्याला बदला किंवा तापवून कोरड्या करा. घामेजल्या बोटांसाठी रोझिनची (पकड देणाऱ्या राळेच्या भुकटीची) पिशवी हवीच. पकड सुटते म्हणून मुलं चेंडू जास्त आवळतात, मग मनगट ताठरतं, चेंडू वर जातो आणि पुढचा सगळा ताण कोपरावर येतो.

माउंड बांधा

सपाट जमिनीवर वर्षभर सराव करून माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, पहिल्यांदा उभा राहणारा पिचर चुकतोच, कारण त्याचं पाऊल ठरलेल्या वेळी जमिनीला लागत नाही. प्रमाण माउंडचं रबर ६१ सेंमी लांब, १५ सेंमी रुंद आणि होम प्लेटपेक्षा २५.४ सेंमी उंच असतं. रबराच्या पुढे १५ सेंमी सपाट भाग, मग दर ३० सेंमीला अडीच सेंमी असा उतार.

सरावासाठी १९ मिमीच्या मरीन प्लायचा उतरता फलाट पुरतो. रुंदी १२० सेंमी, लांबी सुमारे ३.२ मीटर, म्हणजे आठ बाय चारचं एक पूर्ण शीट आणि दुसऱ्याचा साधारण तिसरा भाग. मागे रबरासाठी आणि उभं राहायला वेगळा सपाट तुकडा जोडा. खाली दर ६० सेंमीला आडवी फळी द्या, नाहीतर पाऊल आपटतं तिथे प्लाय दबतो. वर कृत्रिम गवत चिकटवा. साधा प्लाय इथल्या एका पावसातच फुगून सुटतो, त्यात पैसे घालू नका.

मातीचा माउंड करायचा तर जांभ्याची माती चाळूनच घ्या. तिच्यातल्या खड्यांवर स्पाइक्स घसरतात. रबरापुढे आणि पाऊल पडतं तिथे चिकणमाती लागते. डिचोलीकडे कुंभारकामाची परंपरा आहे, तिथे विचारा. वारुळाची माती चिकट असते हे खरं, पण रोयण (वारूळ) म्हणजे आपली सांतेरी देवी. तिला हात लावायचा नाही.

फेक आणि दोन अस्त्रं

रिलीफ पिचर बहुतेक वेळा पूर्ण वाइंडअप (सुरुवातीची लांब हालचाल) न घेता स्ट्रेचमधून (आखूड हालचालीने) फेकतो, कारण तो येतो तेव्हा बेसवर (धावण्याच्या टप्प्यांवर) धावपटू असू शकतात. म्हणून शिकतानाच स्ट्रेचमधून शिका. पहिल्या हालचालीपासून चेंडू कॅचरच्या हातात पोचेपर्यंत १.३ सेकंद हे चांगलं माप. त्याहून सावकाश पिचरवर धावपटू बेस चोरतात, म्हणजे फेकीदरम्यानच पुढच्या बेसकडे पळतात. पुढचं पाऊल स्वतःच्या उंचीच्या सुमारे ८५ टक्के अंतरावर पडावं. गोलंदाजीतून आलेल्या मुलांची एक खोड वारंवार दिसते: पुढचा पाय काठीसारखा ताठ रोवायचा आणि हात उभा वरून आणायचा. पाय आधी किंचित वाकलेला टेकू द्या, चेंडू सुटताना सरळ होऊ द्या, आणि कोपर खांद्यांच्या रेषेत ठेवा.

स्टार्टरला (सामना सुरू करणाऱ्या पिचरला) तीन-चार प्रकारचे चेंडू लागतात, कारण तेच बॅटर त्याच्यासमोर दोनदा-तीनदा येतात. रिलीफ पिचरला दोन पुरतात, पण ते दोन्ही पक्के हवेत. आधी फोर-सीम फास्टबॉल (सरळ वेगवान), मग स्लायडर (बाजूला वळणारा) किंवा चेंजअप (फसवा संथ). मारियानो रिवेराने मुख्यतः एका कटरवर (शेवटी किंचित वळणाऱ्या वेगवान चेंडूवर) ६५२ सेव्ह (शेवटी येऊन राखलेले विजय) मिळवले आणि २०१९ मध्ये तो एकमताने हॉल ऑफ फेममध्ये गेला. पनामातल्या मासेमारी करणाऱ्या गावातला हा मुलगा, वडिलांच्या बोटीवर काम केलेला. बेतुल किंवा शापोऱ्याच्या मुलांना हे मुद्दाम सांगा.

मोजणी आणि विश्रांती

यात हयगय केली तर बाकीचं सगळं फुकट जातं. १५ ते १८ वयोगटासाठी अमेरिकेतल्या पिच स्मार्ट मार्गदर्शक नियमांनुसार ३० पर्यंत पिच (फेकलेले चेंडू) असतील तर सक्तीची विश्रांती नाही, ३१ ते ४५ ला एक दिवस, ४६ ते ६० ला दोन दिवस, त्यापुढे तीन-चार दिवस. शिवाय वर्षात किमान चार महिने स्पर्धात्मक पिचिंग बंद, आणि त्यातले सलग दोन-तीन महिने डोक्यावरून काहीही फेकायचं नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मैदानं पाण्याखालीच असतात. ते महिने पाय, पाठ आणि रबर बँडवरचे खांद्याचे व्यायाम यांना द्या.

हंगामात सकाळी पिचिंग आणि संध्याकाळी गावच्या संघातून चार षटकं, हे चालणार नाही. खांद्याच्या मागे किंवा दंडात दुसऱ्या दिवशीचं आखडलेपण ही थकव्याची खूण. कोपराच्या आतल्या बाजूची टोचणी मात्र त्याच क्षणी थांबायला सांगते. तिथला अस्थिबंध फाटला तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागते. ती पहिल्यांदा १९७४ मध्ये झाली आणि आजही त्यातून परतायला १२ ते १८ महिने लागतात.

वही ठेवा. सामन्यातल्या पिचच नव्हे, तर वॉर्म-अप करून मैदानात न गेलेले दिवसही लिहा. बुलपेनमध्ये वीस चेंडू फेकून परत बसलेला हात मोकळा राहिलेला नसतो. हंगामाच्या मध्यापासून दोन दिवस लागोपाठ पंधरा-पंधरा पिच, तिसऱ्या दिवशी सुट्टी, असा सराव करून पाहा. दुसऱ्या दिवशी वेग तीन-चार किमीपेक्षा जास्त पडला तर हात अजून या कामाला तयार नाही.

करारापासून पुढे

मेजर लीगचा ड्राफ्ट (संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याची पद्धत) अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोच्या रहिवाशांसाठी असतो. गोव्यातून थेट जाणाऱ्याचा करार आंतरराष्ट्रीय हौशी खेळाडू म्हणून होतो, त्यासाठी वय किमान १६. अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश घेतला तर मात्र ड्राफ्टचे नियम लागू होतात. अभ्यास बरा असलेल्या मुलासाठी हीच वाट आम्ही सुचवू: हात दुखावला तरी पदवी हाती राहते.

करारानंतर रूकी लीग, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या. बहुतेक जण स्टार्टर म्हणूनच सुरुवात करतात. तिसऱ्या प्रकारचा चेंडू जमला नाही किंवा तेच बॅटर दुसऱ्यांदा समोर आल्यावर मार बसू लागला की बुलपेनमध्ये पाठवतात. ही शिक्षा समजू नका. एकाच डावासाठी फेकताना वेग वाढतो आणि बऱ्याच जणांचं करिअर तिथेच सुरू होतं. २०२३ च्या करारानुसार वर्षाचं किमान वेतन रूकी स्तरावर १९,८०० डॉलर, ट्रिपल-एला ३५,८०० डॉलर झालं. मेजर लीगचं किमान वेतन २०२५ मध्ये ७,६०,००० डॉलर होतं.

मेजर लीग संघाच्या २६ जणांत जास्तीत जास्त १३ पिचर. थकलेला खाली (मायनर लीगमध्ये), ताजा हात वर, अशी ये-जा चालते. संघाच्या (२६ आणि राखीव मिळून) ४० जणांच्या यादीतल्या खेळाडूला साधारण तीन हंगाम असं खाली पाठवता येतं, एका हंगामात जास्तीत जास्त पाच वेळा. ते हंगाम संपले की संघाला त्याला ठेवावं लागतं किंवा दुसऱ्या संघांसाठी मोकळं सोडावं लागतं. म्हणून पहिली दोन वर्षं लांब रिलीफ (एकाहून जास्त डाव फेकणं), आघाडी मोठी असतानाचे डाव, मिळेल ते काम घ्या. आठव्या डावाचा सेटअप आणि नवव्या, शेवटच्या डावाचा क्लोजर या जागा नंतरच्या.

२०२० पासून नव्या पिचरला किमान तीन बॅटरना सामोरं जावं लागतं किंवा डाव संपवावा लागतो. त्यामुळे फक्त एका डावखुऱ्यासाठी आणलेला पिचर हा प्रकार जवळपास संपला. तुमचा मुलगा डावखुरा असेल तर उजव्या बॅटरविरुद्ध चेंजअप आजच शिकवायला घ्या.

मेजर लीगमधले १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष. तीन वर्षांनी वेतनाच्या लवादाचा हक्क, सहा वर्षांनी मुक्त खेळाडू. निवृत्तिवेतनाची पात्रता मात्र ४३ दिवसांतच मिळते. हे दिवस संघाच्या भरवशावर न सोडता खेळाडूने त्याच वहीत पिचच्या आकड्यांशेजारी लिहीत जावेत.