दुसऱ्या ॲनिमोनची जागा आधी : एका टँकमध्ये दोन-तीन कार्पेट ठेवण्याची तयारी

कार्पेट ॲनिमोन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये गालिच्यासारखा पसरणारा समुद्री प्राणी, आणायचा, आणि तोही एक नाही तर दोन किंवा तीन, असं ज्यांनी मनाशी ठरवलंय त्यांनी दुकानात जाण्याआधी रद्दीतले मोठे कागद काढून फरशीवर बसावं. 45 सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या कापा. जितके ॲनिमोन हवेत तितक्या कापा. मग टँकच्या तळाची चौकट खडूने आखा आणि चकत्या तिच्यात मांडून बघा. जायगँटिया, हॅडोनी आणि मर्टेन्सी या कार्पेटच्या तीन जाती. दुकानात बशीएवढा दिसणारा जायगँटिया पूर्ण उघडला की सहज अर्ध्या मीटरचा होतो, हॅडोनी त्याच्याही पुढे जाऊ शकतो आणि मर्टेन्सी समुद्रात एक मीटर ओलांडतो. नेहमीच्या चार फुटी, 45 सेंटिमीटर रुंदीच्या टँकमध्ये एकच चकती दोन्ही काचांना टेकते. दोघांसाठी 150 बाय 75 हे माप मी किमान धरतो : मध्ये 30 आणि काचेपासून 15 सेंटिमीटर मोकळे मिळतात. तिघांसाठी 180 बाय 90, तेही तिरपे मांडून. उंची 60 पुरते. पैसे उंचीवर घालण्यापेक्षा रुंदीवर घाला.

कागदाचा हा खेळ एवढ्यासाठीच, की पुढची सगळी तयारी दुसऱ्या ॲनिमोनच्या जागेची आहे. पहिला आला की त्याच्या कौतुकात त्याच्याभोवती कोरल लागतात, दगड सरकतात, आणि दुसरा येतो तेव्हा उरलेल्या कोपऱ्यात त्याला बसवलं जातं. तिथे तो राहत नाही. तो चालू लागतो, आणि चालणारा ॲनिमोन वाटेतल्या प्रत्येक कोरलला भाजत जातो.

वजनाचा हिशोब याच बैठकीत करून टाका. 180 बाय 90 बाय 60 म्हणजे साधारण 970 लिटर पाणी. काच, वाळू, दगड, स्टँड आणि खालचा संप (टँकला जोडलेली पाण्याची टाकी) धरला की सव्वा ते दीड टन. राहत्या घराच्या स्लॅबसाठी चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरलेला असतो आणि आपण दीड-पावणेदोन चौरस मीटरवर त्याच्या चौपट ठेवणार असतो. टँक बीमच्या लगत, भिंतीला समांतर हवा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून दाखवा आणि त्याचं म्हणणं लेखी घ्या. सोसायटीत उद्या प्रश्न निघाला तर तो कागद लागतो.

आता जात. माझ्या मते या संपूर्ण यादीतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. एका टँकमध्ये एकाच जातीचे कार्पेट ठेवा. मी सुरुवातीला एक हिरवा हॅडोनी आणि एक जायगँटिया एकत्र ठेवले होते. जागा भरपूर होती, दोघांत हात-दीड हात अंतर होतं, त्यामुळे सगळं ठीक होईल असं धरून चाललो. पाचव्या आठवड्यापासून जायगँटिया दुपारीही आकसलेला राहू लागला, तोंड सैल पडलं आणि आठव्या आठवड्यात तो गेला. पाण्याच्या चाचण्या सगळ्या चांगल्या येत होत्या. एकमेकांना स्पर्श न करताही वेगळ्या जातीचे ॲनिमोन पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्याला हैराण करतात, आणि घरातल्या टँकमध्ये ती रसायनं वाहून जायला समुद्र नसतो. एका जातीचे मात्र एकमेकांना बरंच सहन करतात. जायगँटिया तर उथळ किनारी पठारांवर एकमेकांच्या जवळ वाढलेले आढळतात आणि टँकमध्ये त्यांच्या कडा एकमेकांना टेकल्या तरी बहुधा काही बिघडत नाही. बबलटिप, सीबी, लाँग टेंटॅकल या इतर ॲनिमोनांतलं आधीचं कुणी टँकमध्ये असेल तर त्याचं दुसरं घर आधी शोधा.

दुकानदार सगळ्यांनाच ‘कार्पेट’ म्हणतो, म्हणून ओळख आपल्याला हवी. खालची बाजू बघायला मिळेल तेवढी बघा. जायगँटियाच्या खोडावर निळे ते किरमिजी पुटकुळीसारखे ठिपके असतात, मर्टेन्सीच्या खोडावर नारिंगी किंवा गुलाबी. हॅडोनीचे ठिपके बारीक असतात, डोळ्यांत भरत नाहीत. वरून बघताना जायगँटियाचे टेंटॅकल (वरचे बोटांसारखे तंतू) जरा लांब आणि सतत थरथरणारे दिसतात. हॅडोनीचे आखूड, मण्यांसारखे, दाट आणि कमालीचे चिकट. त्याची कड घड्या पडल्यासारखी वरखाली होते. फोटोवरून मागवू नका, हे मी कळकळीने सांगतो.

आणि खरंच तीन हवेत का, हेही विचारा. बबलटिप घरात आपोआप दुभंगतो, त्याची पिल्लं एकाकडून दुसऱ्याकडे जातात. कार्पेट क्वचितच दुभंगतात. आपल्या हातात येणारा जवळजवळ प्रत्येक कार्पेट कुठल्यातरी समुद्रातून काढलेला असतो, आणि तिथे राहिला असता तर तो अनेक दशकं जगला असता. आपल्या जवळचं उदाहरण कच्छच्या आखातातलं. नरारा बेटावर ओहोटीला चालत गेलं की हॅडोनी वाळूत पसरलेले दिसतात. तो भाग 1982 पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथून एक शिंपलाही उचलायचा नाही. ‘लोकल माल आहे, स्वस्तात देतो’ असं कुणी म्हणालं तर तो ॲनिमोन घेऊ नका. खरेदीचं बिल मागा, कुठून आला ते विचारा. दगडांचंही तेच : प्रवाळाचे सांगाडे घेऊ नका, प्रवाळ आपल्याकडे 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. सिरॅमिकचे दगड मिळतात. वर्षभरात त्यांच्यावर गुलाबी शेवाळ चढलं की फरक कळत नाही.

दगडांची रचना जातीप्रमाणे. हॅडोनी वाळूतला प्राणी आहे. त्याला 10 ते 15 सेंटिमीटर खोल वाळू द्या आणि त्या वाळूखाली एक सपाट लादी पुरून ठेवा; त्याचा पाय खाली जाऊन तिला धरतो. उद्या हलवायची वेळ आली तर लादीसकट उचलता येतो, पाय फाटत नाही. जायगँटियाला दगडातली खोबण आवडते, पायथ्याशी थोडी वाळू आणि वर मोकळं आकाश. मी प्रत्येकासाठी नारळाएवढ्या भोकाचा एकेक सुटा दगड करतो. मुख्य रचनेला चिकटवत नाही, बेटासारखा वेगळा ठेवतो, आणि दोन बेटांच्या मध्ये नुसती वाळू. जायगँटियाला उघड्या वाळूतून जाणं फारसं रुचत नाही, त्यामुळे तीच त्याची कुंपणाची जागा होते. कोरल हवेच असतील तर ॲनिमोन पूर्ण उघडल्यावरच्या कडेपासून आणखी 20-25 सेंटिमीटर सोडून. मर्टेन्सीबद्दल मी लिहीत नाही. घरच्या टँकमध्ये दोन मर्टेन्सी ठेवण्याइतकी जागा मी कुणाकडे पाहिलेली नाही.

प्रकाशाला जायगँटिया सगळ्यात हावरा. ओहोटीला उघडा पडतो इतक्या उथळ पाण्यात तो वाढतो. त्याच्या बेटावर पार मीटरने (प्रकाश मोजण्याचं यंत्र) 300 ते 500 यावं, हॅडोनीला 200 ते 300 चालतं. मीटर विकत घ्यायची गरज नाही, छंदातल्या कुणाकडून दोन दिवस उसना आणा, पण दोन्ही बेटांवर मोजा. बहुतेक ठिकाणी दिवा मध्यावर टांगलेला असतो आणि दुसरं बेट अर्ध्या प्रकाशात राहतं. प्रवाहही दोन्ही जागी सारखा हवा, एका दिशेने झोडपणारा नको, येणारा-जाणारा हवा.

प्रत्येक वेव्हमेकरला (पाणी हलवणारा पंखा) जाळी आणि ओव्हरफ्लोला (जिथून पाणी खाली संपमध्ये उतरतं) दातेरी कड हे ॲनिमोन येण्याच्या आधी. नंतर लावू म्हणून राहिलेल्या एका जाळीपायी मी एका मित्राचा अख्खा टँक गेलेला पाहिला. रात्री पंख्यात सापडलेल्या ॲनिमोनचे तुकडे सकाळपर्यंत सगळ्या पाण्यात पसरले होते, आणि माशांपैकी एकही उरला नव्हता.

पाण्याबद्दल थोडक्यात, कारण रीफ, म्हणजे कोरलचा टँक, ठेवणाऱ्यांना ते ठाऊक असतं. टँक किमान वर्षाचा झालेला. क्षारता 35 पीपीटी, तापमान 25 ते 27 अंश, अल्कलिनिटी 8-9 डीकेएच, नायट्रेट 2 ते 10 पीपीएम, फॉस्फेट शून्य नको आणि 0.1 पीपीएमच्या वर नको. यातल्या आकड्यांपेक्षा ते रोज तेच राहणं महत्त्वाचं, म्हणून एटीओ (उडून गेलेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लागतोच. एकापेक्षा जास्त ॲनिमोन असताना एकच जास्तीची गोष्ट : ती रसायनं शोषणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन कायम चालू, दर दोन-तीन आठवड्यांनी बदलायचा. एकाच जातीचे असले तरी.

आमच्याकडे ठाण्यात मे महिन्यात दुपारी खोली 33 अंशांवर जाते. पुण्याच्या कोरड्या हवेत पाण्यावर पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, किनारपट्टीच्या दमटपणात तेवढं होत नाही. चिलर लागतो, आणि तो पावसाळ्यात घेऊन ठेवा. एप्रिलात धावाधाव होते. वीज गेली की चिलरचा विचार सोडा, पाणी हलतं राहणं आधी. रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर आणणारा) आणि एक वेव्हमेकर डीसी घेतले तर दोन्ही मिळून 100 वॉटच्या आसपास जातात, आणि 150 अँपिअर-अवरची घरगुती इन्व्हर्टर बॅटरी त्यांना रात्रभर चालवते. मेन स्विच पाडून एकदा खरंच चालवून बघा. आमचा पहिल्या वेळी स्किमरही (फेसातून घाण काढणारं यंत्र) त्याच लाइनवर निघाला होता.

टँकमध्ये आधीपासून कोण आहे त्याची यादी करा. हॅडोनी मासे खातो. मँडरिन, गोबी, फायरफिश यांसारखे तळाशी राहणारे किंवा रात्री दचकून इकडेतिकडे पळणारे मासे त्याच्यावर आदळतात आणि सुटत नाहीत. जायगँटिया त्या मानाने सौम्य, पण निर्धोक नाही. क्लाउनफिशची, म्हणजे ॲनिमोनमध्ये राहणाऱ्या माशांची, एकच जोडी ठेवा. ॲनिमोन दोन आहेत म्हणून जोड्या दोन, हा हिशोब तीन मीटर लांबीच्या टँकमध्ये कदाचित चालेल, आपल्या मापात मादी दुसऱ्या जोडीला जगू देत नाही. क्लाउनफिशच्या जातींपैकी ऑसेलारिस निसर्गात जायगँटियात राहतो, त्यामुळे तो तिथे लगेच जातो. हॅडोनीचा नैसर्गिक सोबती सॅडलबॅक. क्लार्की दोघांतही रमतो.

आता हॉस्पिटल टँक. बहुतेक जण याला फाटा देतात आणि बहुतेक जायगँटिया याच कारणाने पहिल्या पंधरवड्यात जातात. प्रवासातून आलेला ॲनिमोन जिवाणूंच्या संसर्गाने फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो, आणि एक दिवस उघडतच नाही. 40 लिटरचा रिकाम्या तळाचा टँक, हीटर, छोटा जाळीवाला पंप आणि मंद दिवा एवढं मांडून ठेवा. अनुभवी लोक यासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन वापरतात, 40 लिटरला 250 मिलिग्रॅम. रोज रात्री सगळं पाणी बदलून नवी मात्रा द्यायची, साधारण सात दिवस. औषध प्रकाशात निकामी होतं म्हणून रात्री. हे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध आहे, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा, मुख्य टँकमध्ये त्याचा थेंबही नको, आणि औषधाचं पाणी फेकण्याबद्दलही त्यांनाच विचारा. हिशोब करा : 40 लिटर सात वेळा म्हणजे 280 लिटर खारं पाणी, म्हणजे 10-11 किलो रीफ सॉल्ट आणि तेवढं आरओडीआय (गाळून क्षार काढलेलं) पाणी. दोन मोठे पिंप भरून, ढवळून, तापमानाला आणून तयार असतील तरच ॲनिमोन आणायला निघा. दोघांना एकाच वेळी या टँकमध्ये टाकू नका. एक बिघडला तर दुसऱ्याला घेऊन जातो.

दुकानात गेल्यावर तोंड बघा. घट्ट मिटलेलं हवं. लोंबणारं, उघडं, आतलं बाहेर आलेलं नको. पायाला चीर नको. पांढराफटक किंवा झगझगीत पिवळा असेल तर सोडून द्या : पहिल्याने आतलं सहजीवी शेवाळ गमावलेलं असतं, दुसरा बहुधा रंगवलेला असतो. पसंत पडला तरी पैसे भरून तिथेच ठेवायला सांगा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा जा. त्या दिवसांत तो सारखा आकसत-फुगत असेल तर गमावलेले पैसे परवडले. हात लावताना रबरी हातमोजे, कोपरापर्यंतचे. हॅडोनी उघड्या कातडीला चिकटतो, आणि काहींना त्याची जोरात ॲलर्जी येते. घरातल्या लहानांना आधीच बजावून ठेवा.

खाणंही आधी आणून ठेवा. मी कोळीणबाईंकडून बर्फात न मुरलेली करंदी घेतो, आरओच्या पाण्यात धुतो, सोलून नखाएवढे तुकडे करून गोठवतो. मुख्य टँकमध्ये गेल्यावर पहिला आठवडा काही द्यायचं नाही. त्यानंतर आठवड्यातून एकदा, एक तुकडा. मोठा घास दिला की तो दोन दिवसांनी उलटून टाकतो आणि पाणी खराब होतं.

मुख्य टँकमध्ये सोडायच्या दिवशी दिवे निम्म्यावर आणा, त्याच्या बाजूचा वेव्हमेकर बंद ठेवा, पाय खोबणीत टेकवून हातानेच पाच-दहा मिनिटं आडोसा धरा. पाय धरला की प्रवाह हळूहळू वाढवा, प्रकाश तीन आठवड्यांत पूर्ण. पहिल्या चार रात्री लाल बॅटरीने दोनदा बघायला उठावं लागतं, ते गृहीत धरून सुट्ट्या घ्या. चिकटपणा गेलेला, ढिला पडलेला, वास येणारा ॲनिमोन वाचेल म्हणून थांबू नका. बादलीत काढा आणि अर्धं पाणी बदला. त्या बदलासाठी दोन पिंपांपैकी एक नेहमी भरलेलं ठेवा.

दुसरं बेट सहा महिने रिकामं राहील. पाहुणे विचारतील, एखादं स्वस्त कोरल हातात पडेल. काही चिकटवू नका. त्या दगडावर येणारं शेवाळ ब्रशने काढत राहा, महिन्यातून एकदा तिथला प्रकाश मोजा. पहिला न हलता, रोज उघडून, अंगाने वाढत सहा महिने राहिला, तर पिंप पुन्हा भरायला घ्या आणि त्याच जातीचा दुसरा शोधायला निघा.