परभणीत बसून जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्या मोजायच्या कशा?

मी परभणीत भूगोल शिकवते. आमच्या पोरांनी पाहिलेली वाळू म्हणजे गंगेची (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो), गंगाखेडच्या घाटाखालची. बारखाण, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराची वाळूची टेकडी, ते पुस्तकात वाचतात, आकृती काढून गुण मिळवतात आणि विसरून जातात. खरं तर लॅपटॉप, फुकट मिळणारं क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आणि बऱ्यापैकी इंटरनेट असलं, तर थरमधली टेकडी वर्षाला किती सरकते हे बी.ए.चा विद्यार्थी स्वतः काढू शकतो. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

कोपर्निकस ब्राउझर या उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळावर खातं उघडा आणि जैसलमेरच्या पश्चिमेला, समच्या आसपास, सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं शोधा. एक पिक्सेल १० मीटरचा असतो. समजा, एक चित्र जानेवारी २०१७ चं आणि दुसरं जानेवारी २०२५ चं घेतलं. महिना दोन्हीकडे एकच हवा, म्हणजे सूर्य सारख्याच उंचीवर मिळतो. मे-जूनमध्ये हवेत धूळ असते आणि पावसाळ्यात ढग, त्यामुळे हिवाळाच बरा.

आता प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत. इथे घाई करू नका. क्यूजीआयएसमध्ये मागे गूगलचं उपग्रहचित्र लावलं की प्रोजेक्ट बहुधा वेब मर्केटर या प्रोजेक्शनमध्ये जातो. त्यात सपाट मोजणी केली तर परभणीत अंतर ६ टक्के जास्त येतं आणि जैसलमेरला तब्बल १२ टक्के. म्हणजे १०० मीटरची टेकडी ११२ ची दिसते. प्रोजेक्ट यूटीएममध्ये घ्या; या प्रोजेक्शनमध्ये पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडलेले असतात. मराठवाड्याच्या नकाशांसाठी आपल्याला झोन ४३ ची सवय असते, पण जैसलमेर झोन ४२ उत्तरमध्ये येतं.

मग टेकडीची कड काढायची. वातसन्मुख, म्हणजे वाऱ्याकडे तोंड असलेला, उतार मंद असतो, तो जमिनीत कुठे मिसळतो ते चित्रात कळतच नाही. तिथे रेघ मारायच्या भानगडीत पडू नका. थरमध्ये वाळू हलवणारा मुख्य वारा उन्हाळ्यातला, नैऋत्येकडून येणारा. त्यामुळे घसरणारा उभा उतार ईशान्येला असतो. जानेवारीत उपग्रह चित्र घेतो तेव्हा, म्हणजे स्थानिक सौर वेळेने साडेदहाच्या सुमारास, सूर्य आग्नेय-दक्षिणेला असतो, म्हणून हाच उतार गडद पट्ट्यासारखा उठून दिसतो. त्या पट्ट्याची बाहेरची कड म्हणजे उताराचा पायथा. तीच रेघ दोन्ही वर्षांसाठी काढा. बारखाणाची शिंगं वारा जातो तिकडे, ईशान्येला असतात. थरमध्ये भरपूर दिसणाऱ्या पॅराबोलिक टेकड्यांचे हात मात्र उलट, नैऋत्येला पसरलेले असतात, कारण ते झुडपांनी धरून ठेवलेले असतात. दोन्हींची गल्लत करू नका.

उंचीसाठी सावली मोजायचा सल्ला सगळीकडे मिळतो. जानेवारीत साडेदहाला जैसलमेरला सूर्य साधारण ३५ अंशांवर असतो आणि घसरणारा उतार ३२ ते ३४ अंशांचा. म्हणजे उतार गडद दिसला तरी त्याची सावली जमिनीवर पडतच नाही. त्याऐवजी गडद पट्ट्याची आडवी रुंदी मोजा आणि ०.६५ ने गुणा. ३० मीटर रुंदी म्हणजे साडेएकोणीस मीटर उंची. मात्र सेंटिनेलमध्ये ३० मीटर म्हणजे जेमतेम तीन पिक्सेल. एक पिक्सेल चुकला की उंची साडेसहा मीटरने बदलते. त्यामुळे ही रुंदी गूगल अर्थच्या बारीक चित्रावर मोजा.

सरकणं मोजण्याआधी दोन्ही चित्रं एकमेकांवर नीट बसतात का ते बघाच. रस्त्याचा फाटा किंवा पक्क्या टाक्याचा कोपरा घ्या. तो दोन चित्रांत ६ मीटर हललेला दिसला, तर तितकं अंतर त्याच दिशेने वजा करा. त्यानंतर पायथ्याच्या रेघेला काटकोनात पाच-सात रेघा टाका आणि त्यांची सरासरी काढा. समजा, ८ वर्षांत ६४ मीटर आले, तर वर्षाला ८ मीटर. पायथा ओळखण्यात प्रत्येक चित्रात एका पिक्सेलची चूक धरा, म्हणजे एकूण सुमारे १४ मीटर (दोन्ही चुकांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं). त्याला ८ वर्षांनी भागा. उत्तर लिहायचं ते ८ मीटर, कमी-जास्त पावणेदोन. हा 'कमी-जास्त' न लिहिलेला आकडा मी वहीत तपासत नाही.

लहान टेकड्या मोठ्यांपेक्षा वेगाने सरकतात, म्हणून उंचीचा रकाना वेगाच्या शेजारीच ठेवा. ज्यांच्यावर झुडपं वाढली आहेत त्या वेगळ्या यादीत घाला. सेंटिनेलचा पट्टा ८ (अवरक्त) आणि पट्टा ४ (लाल) वापरून एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळीचा निर्देशांक, काढला की त्या लगेच ओळखू येतात.