सेझानच्या बायकोच्या गालावरचा हिरवा

फ्रेंच चित्रकार पॉल सेझानने बायकोची, म्हणजे ओर्तांस फिकेची, तैलरंगात जवळजवळ ३० व्यक्तिचित्रं केली. नक्कल करून शिकायचं असेल तर लाल खुर्चीतलं घ्या, असं मी माझ्या रविवारच्या वर्गात सांगते. साधारण १८७७ चं हे चित्र बोस्टनच्या संग्रहालयात आहे. मूळ माप सुमारे ७२ बाय ५६ सेंटिमीटर, त्यामुळे ३६ बाय २८ चा कॅनव्हास घेतला की लांबी-रुंदी निम्मी होते. प्रिंट चांगली हवी. मोबाइलवर बघून रंगवू नका.

पेन्सिल नको. अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा रंग, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशनेच रेखाटन करा. नंतर सगळ्यात आधी खुर्चीचा लाल लावा, मग मागच्या भिंतीचा पिवळट-हिरवट, मग स्कर्टचे उभे पट्टे. चेहऱ्याला शेवटीच हात लावायचा.

कारण सांगते. या चेहऱ्यात हिरवा आहे, निळसरही आहे. पांढऱ्या कॅनव्हासवर तो हिरवा एकटा लावला की बाई आजारी दिसते आणि आपण घाबरून त्यात गुलाबी मिसळत बसतो. पहिल्यांदा मीही तेच केलं. कोरड्या ब्रशने घोटून घोटून गाल गुळगुळीत केला आणि कॅलेंडरवरच्या बाईसारखा चेहरा झाला. तो खरवडला, खुर्चीचा लाल भरून घेतला आणि तोच हिरवा पुन्हा ठेवला. या वेळी तो सावली झाला! गाल आपोआप वळला.

म्हणून चपटा ब्रश घ्या, रंगाचा एक पॅच, म्हणजे छोटा तुकडा, ठेवा, ब्रश उचला. दुसरा पॅच शेजारी, थोडा थंड (निळ्याकडे झुकणारा) किंवा थोडा उबदार (लाल-पिवळ्याकडे झुकणारा). कडा घोटू नका.

ओठ मात्र आहेत तसेच मिटलेले ठेवा. ती दुःखी आहे, रागावली आहे असं बरेच जण म्हणतात आणि मग ओठांचे कोपरे खाली ओढतात. मला ती फक्त स्थिर बसलेली दिसते. हे चित्र झालं तेव्हा तिचा आणि सेझानचा मुलगा पाचेक वर्षांचा होता आणि दोघांचं लग्न व्हायला १८८६ उजाडायचं होतं. पण त्यातलं काही चेहऱ्यात शोधून रंगवायचं नाही.

मांडीवरचे गुंफलेले हात अवघड आहेत. बोटं मोजू नका. आधी दोन्ही हातांचा मिळून एकच आकार धरा, मग त्यात उजेडाचे चार-पाच पॅच ठेवा.