दिवाळीनंतर फौजींना मदत करताय? या चुका टाळा

भाऊबीज आटोपली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जवानांचे फोटो येणं बंद होतं. आकाशकंदील निदान तुळशीच्या लग्नापर्यंत तरी टिकतो. माझे धाकटे दीर फौजेत हवालदार आहेत, गाव साताऱ्याकडचं, आम्ही राहतो लालबागला. दिवाळीत त्यांना बहुतेक रजा नसतेच. ते येतात नंतर, पाळी येईल तेव्हा. म्हणजे सगळ्यांचा उत्साह ओसरला की आमच्याकडची खरी धावपळ सुरू होते. गेल्या काही वर्षांत आम्ही आणि शेजाऱ्यांनी मिळून ज्या चुका केल्या, त्या सांगते.

पहिली चूक फराळाची. एका वर्षी सोसायटीने हौसेने बारा किलो फराळ जमवला आणि खोक्यावर पत्ता घातला, ‘सीमेवरील जवान, लडाख’. खोकं डिसेंबरात परत आलं. उघडलं तर ओल्या नारळाच्या करंज्यांना बुरशी लागलेली, चकल्यांना खवट वास. भाऊजींना फोनवर सांगितलं, तर ते पोट धरून हसले. म्हणाले, “वहिनी, ‘देव, स्वर्ग’ लिहून पत्र टाकता का कधी?”

फौजेच्या टपालाची पद्धत ठरलेली आहे. जवानाचा नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि ‘द्वारा 56 ए.पी.ओ.’ किंवा ‘99 ए.पी.ओ.’ (ए.पी.ओ. म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस). पिनकोड 9 ने सुरू होतो, आणि त्यावरून ठिकाण कळत नाही, कळूही नये. हे पार्सल भारतीय डाकेनेच जातं, खासगी कुरिअर तिथे पोचत नाही. नौदलाच्या जहाजावर कुणी असेल तर ‘द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई 400001’. म्हणजे पार्सल आपल्या फोर्टमध्येच जातं, पण जहाज समुद्रात असेल तर ते धक्क्याला लागेपर्यंत थांबावं लागतं. ओळखीचा जवान नसेल तर निनावी खाऊ पाठवूच नका. कुणी बांधलंय ते ठाऊक नसलेलं खाणं कोणती तुकडी बिनधास्त वाटेल?

खाऊ पाठवायचाच तर नारळ, खवा टाळा. शंकरपाळे, भाजक्या पोह्यांचा चिवडा, कोरडे बेसनलाडू टिकतात. मुंबईच्या दमट हवेत तळण पूर्ण गार व्हायच्या आत डबा बंद केला की आतल्या वाफेने सगळं मऊ पडतं. रात्रभर परातीत पसरून ठेवा, सकाळी भरा. शिवाय हिवाळ्यात बर्फाने घाट बंद होतात, टपाल रखडतं. आठवड्यात पोचेल असा हिशोब धरू नका.

दुसरी चूक जास्त बोचते, कारण ती प्रेमाने होते: “काही लागलं तर सांग हं.” माझी जाऊ डोंबिवलीला दोन मुलांना घेऊन भाड्याने राहते. दिवाळीत तिला हे वाक्य निदान वीस जणांनी ऐकवलं. तिने एकालाही काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? रात्री दोनला धाकट्याला ताप चढला, हे? भाडेकरार संपत आलाय, घरमालक टाळाटाळ करतोय आणि नवऱ्याचा फोन चार दिवस लागत नाहीये, हे? शेजारच्या काकूंनी मात्र एकदा सरळ सांगितलं, “शनिवारी दहा ते एक मुलं माझ्याकडे. तू बँकेचं काम उरकून ये.” ती गेली आणि वर्षभर अडकलेलं केवायसी उरकून आली. मदत सांगायची तर वार, वेळ आणि काम यांच्यासकट सांगा.

जवान रजेवर आला की तिसरी चूक होते. भाऊजी गेल्या नोव्हेंबरात स्वराज एक्स्प्रेसने वांद्रे टर्मिनसला उतरले, काळी ट्रंक घेऊन. पहिले दोन दिवस नुसते झोपले. तिसऱ्या दिवसापासून सत्कार. मंडळ, शाळा, भिशी, नगरसेवकाचा कार्यक्रम. ट्रंकेत सहा शाली साठल्या, सगळ्या पातळ, चकचकीत काठाच्या. त्यांतली एक अंगावर घेऊन ते म्हणाले, “ही लडाखात पांघरली तर थंडीच हसून मरेल.” तेवढ्याच रजेत मुलाच्या शाळेचं, रेशनकार्डावर नाव घालायचं, विजेचं मीटर नावावर करायचं अशी कामं होती. जिथे त्यांची सही किंवा अंगठा लागतो तेवढंच त्यांच्यासाठी ठेवा. कोणता फॉर्म, कोणत्या झेरॉक्स, कोणती खिडकी, ही चौकशी ते यायच्या आत आपण करून ठेवावी. सत्काराला बोलवायचंच असेल तर आधी घरच्यांना विचारा, त्यांना नाही.

आणि ती फौजी कॅन्टीनची दारूची बाटली! “भाऊजी, एक तरी आणा ना.” या कॅन्टीनना माल पुरवणारं कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट 1948 साली सुरू झालं, मुख्यालय आपल्याच चर्चगेटला, महर्षी कर्वे रोडवर. म्हणून तो माल आपला होत नाही. दारूचा महिन्याचा कोटा हुद्द्याप्रमाणे ठरलेला असतो, तो जवानाच्या स्वतःसाठी असतो, आणि बाहेर देताना सापडला तर कारवाई त्याच्यावर होते. मागणारा विसरून जातो, नाही म्हणणारा वर्षभर ‘कंजूष’ ठरतो. “कुठे पोस्टिंग आहे?” हेही विचारू नका, आणि त्यांनी सहज सांगितलंच तर स्टेटसला टाकू नका.

पैशाच्या बाबतीत दोन गोष्टी. एप्रिल 2025 मध्ये ‘सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी या खात्यात पैसे भरा’ असा मेसेज सगळीकडे फिरला. तो दिशाभूल करणारा असल्याचं संरक्षण मंत्रालयाने सांगितलं, तरी तो परत परत उगवतो. दुसरी गोष्ट, पैसे नक्की कुणाला मिळतात हे न बघता देणं. सशस्त्र सेना ध्वज दिन 7 डिसेंबरला असतो, 1949 पासून. तो लाल, गडद निळ्या आणि फिकट निळ्या पट्ट्यांचा छोटा झेंडा. त्या दिवसाच्या नावाने जमणारा निधी माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांची मुलं यांच्यासाठी वापरतात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देता येतो. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांतल्या शहिदांच्या घरच्यांसाठी गृह मंत्रालयाचं ‘भारत के वीर’ पोर्टल 2017 पासून आहे. आणि “मी आर्मीतून बोलतोय, बदली झालीय, फ्लॅट न बघताच डिपॉझिट पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करा” असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

सगळ्यांत कमी दिसणारी मदत याच दिवसांत करता येते. पुष्कळ पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात भरायचा असतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचे यजमान फौजेतून निवृत्त होते, ते गेल्यावर काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. दोनदा केंद्रावर जाऊन आल्या, भांडी घासून झिजलेली बोटं मशीन ओळखेना. मुलाला उपाय माहीत नव्हता आणि काकू रडवेल्या झालेल्या. मग घरीच, माझ्या फोनवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप घेतली. खिडकीपाशी बसवून चेहरा स्कॅन केला. पहिल्यांदा चष्म्यामुळे अडलं, काढल्यावर झालं.

तरी दाखला परत फिरला. चूक माझी. पेन्शन बँकेत जमा होतं म्हणून वाटप करणाऱ्याच्या रकान्यात मी बँक निवडली होती. भूदलातल्या ज्यांचं पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर गेलंय त्यांनी मंजुरी देणाऱ्याच्या जागी ‘डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद’ आणि वाटप करणाऱ्याच्या जागी ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ निवडायचं. पीपीओ नंबरही, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर, ‘स्पर्श’वरचा नवा घालायचा, जुन्या पिवळ्या कागदावरचा नाही. दुसऱ्या खेपेला गेला. काकूंनी प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबराचा मेसेज मला तीनदा वाचायला लावला आणि मग वहीत लिहून घेतला.

यंदा भाऊजींना मी आधीच विचारलं, काय पाठवू? मला वाटलं चकल्या म्हणतील. म्हणाले, “मेतकूट पाठवा वहिनी, आणि पोरांचे फोटो. मोबाईलवर नको, कागदावर काढलेले.”