सुया आणि क्रोशे एकाच नमुन्यात आणताना या चुका टाळा

ठाण्यातल्या नौपाड्यात आम्ही सात-आठ जणी दर शनिवारी दुपारी एकीच्या घरी विणकाम घेऊन बसतो. गेल्या काही वर्षांत आमच्यापैकी बऱ्याच जणींनी दुसऱ्यांचे नमुने विणण्याऐवजी स्वतःचे नमुने रचायला सुरुवात केली आहे आणि त्यातही अंग सुयांवर आणि काठ, योक (खांद्याजवळचा वरचा भाग) किंवा बाह्या क्रोशाने, अशा मिश्र रचनेकडे कल वाढला आहे. ठाण्याच्या हवेला हे साजेसेही आहे. जाड लोकरी स्वेटर घालावा इतकी थंडी इथे क्वचितच पडते. त्यामुळे सुती धाग्याचे हलके टॉप, श्रग आणि बाळांची जाकिटे हेच आमचे मुख्य काम असते आणि अशा कपड्यांना क्रोशाची जाळी फार शोभून दिसते. मात्र दोन्ही कलांमध्ये हात बसलेला असूनही पहिले काही नमुने बिघडतात. ते का बिघडतात आणि कसे सावरावेत, याविषयी अनुभवाने जे समजले ते येथे लिहीत आहे.

बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. क्रोशे म्हणजे सुयांवरच्या विणकामाचेच दुसऱ्या हत्याराने केलेले रूप, असे आपण मनात धरतो आणि एकाचे आकडे दुसऱ्यात जसेच्या तसे उचलतो. प्रत्यक्षात दोन्ही कापडांची घडण वेगळी आहे. सुयांवर संपूर्ण ओळीचे टाके एकाच वेळी उघडे असतात आणि प्रत्येक फास खालच्या फासातून ओढलेला असतो. म्हणूनच एक टाका निसटला की तो शिडीसारखा खालपर्यंत उसवत जातो आणि म्हणूनच ते कापड ताणले की ताणते, सोडले की आवरते. क्रोशात एकच फास उघडा असतो, मागचा प्रत्येक टाका जागच्या जागी बंद झालेला असतो. त्यामुळे क्रोशाचे भरीव कापड जाड, ठाम आणि कमी ताणणारे होते. ही गोष्ट आपल्याला ठाऊक असते, पण वहीत गणित मांडताना आपण ती विसरतो.

काठाला झालर येणे

ही चूक माझ्या हातून एका बाळाच्या जाकिटावर झाली आणि ती मी तपशिलाने सांगते, कारण मिश्र नमुन्यांत सर्वांत जास्त वेळा हीच दिसते. जाकिटाचे अंग ४ मिलिमीटरच्या सुयांवर, एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट, असे विणले होते. १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके आणि २८ ओळी बसत होत्या. खालच्या काठापासून गळ्याभोवती फिरून दुसऱ्या बाजूच्या काठापर्यंत क्रोशाची पट्टी घालायची होती. सरळ उभी कड ४२ सेंटीमीटरची होती, म्हणजे तिच्यात ११८ ओळी होत्या. मी प्रत्येक ओळीत एक मुका खांब, म्हणजे क्रोशाचा बुटका टाका, घातला. साडेतीन मिलिमीटरच्या क्रोशाच्या सुईने माझे १० सेंटीमीटरमध्ये २० मुके खांब बसतात. म्हणजे ११८ खांबांना ५९ सेंटीमीटर जागा हवी होती आणि मी ते ४२ सेंटीमीटरमध्ये कोंबले होते. पट्टी मुलींच्या फ्रॉकच्या झालरीसारखी लाटा मारत उभी राहिली. ती इस्त्रीने बसेल, धुतल्यावर बसेल, अशी आशा मी दोन दिवस धरली. ती बसली नाही आणि बसणारही नव्हती, कारण सतरा सेंटीमीटरचा जादा माल कुठे तरी जायलाच हवा.

यावरचा उपाय टाके मोजण्यात नाही, सेंटीमीटर मोजण्यात आहे. कडेची लांबी मोजावी, तिला पट्टीच्या गेजने, म्हणजे ठरावीक लांबीत किती टाके किंवा ओळी बसतात त्या प्रमाणाने, गुणावे आणि मग तेवढे खांब ओळींमध्ये वाटून द्यावेत. येथे ४२ सेंटीमीटरला ८४ खांब लागतात आणि ते ११८ ओळींत वाटायचे आहेत, म्हणजे साधारण प्रत्येक ७ ओळींमागे ५. प्रत्यक्ष विणताना एक ओळ घ्यावी, दुसरी घ्यावी, तिसरी सोडावी, चौथी, पाचवी, सहावी घ्यावी आणि सातवी सोडावी. ही लय एकदा हाताला बसली की मोजावे लागत नाही. कड दर १० सेंटीमीटरवर रंगीत दोऱ्याने खूण करून भागांत वाटून घेतली, तर चूक झाली तरी त्या एका भागापुरतीच उसवावी लागते.

याच्या उलट लक्षणही ओळखून ठेवावे. पट्टी आत ओढली जात असेल आणि कड धनुष्यासारखी वाकत असेल, तर खांब कमी पडले आहेत किंवा क्रोशाची सुई फार बारीक आहे. आधी खांब मोजावेत आणि मगच सुई बदलावी. सुई बदलून गणिताची चूक झाकली की ती धुतल्यावर पुन्हा वर येते.

सुयांवरचे उघडे टाके थेट क्रोशाने उचलून योक चढवताना हाच प्रश्न आडव्या दिशेने येतो. वरच्याच गेजने पाहिले तर सुयांवरचे २२ टाके आणि क्रोशाचे २० खांब सारखीच रुंदी व्यापतात, म्हणून प्रत्येक ११ टाक्यांमधून १० खांब काढावे लागतात. नऊ टाक्यांत एकेक खांब आणि शेवटचे दोन टाके मिळून एक खांब. हे न केल्यास छातीच्या वर कापड फुगते आणि खांद्यावरून सतत घसरते.

पट्टी घातली म्हणून कापड वळायचे थांबत नाही

एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे विणलेले कापड कडेने मागे वळते आणि खालून-वरून पुढे वळते. त्यावर क्रोशाची एक किंवा दोन ओळींची पट्टी घातली की ते सपाट बसेल, असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात अरुंद पट्टी कापडाबरोबर स्वतःही वळते आणि काठ नळीसारखा दिसू लागतो. कडेचे चार-पाच टाके प्रत्येक ओळीत सुलटच विणावेत किंवा एक टाका सुलट, एक टाका उलट अशी रुंद पट्टी आधी सुयांवरच घ्यावी आणि क्रोशाचा काठ त्यावर चढवावा. वळण थांबवण्याचे काम सुयांच्या भागानेच करायला हवे. क्रोशाचा काठ हा त्यावरचा साज आहे.

चौकटीच्या वहीतले चित्र

आमच्यातील एकीने बाळाच्या दुलईसाठी वारली चित्रांतील तारपा नाच रंगीत धाग्यांनी विणायला घेतला होता. वारली कला आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याची. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून तिचे मूळ गाव-पाडे बहुतांशी तिकडे गेले, तरी इथल्या घरांच्या भिंतींवर ती आजही दिसते. नाचणाऱ्यांचे वर्तुळ आणि दोन त्रिकोणांची अंगे तिने गणिताच्या चौकटीच्या वहीत सुरेख काढली होती. विणून झाल्यावर वर्तुळाचे चपटे अंडे झाले आणि माणसे बुटकी दिसू लागली.

कारण सरळ आहे. वहीची चौकट चौरस असते, पण सुयांवरचा टाका उंचीपेक्षा रुंद असतो. २२ टाके आणि २८ ओळी या गेजने २२ चौकटी रुंद आणि २२ चौकटी उंच वर्तुळ विणले, तर ते १० सेंटीमीटर रुंद आणि पावणेआठ-आठ सेंटीमीटर उंच येते. त्याच वर्तुळाला २८ ओळी द्यायला हव्यात. त्यामुळे सुयांसाठी आणि क्रोशासाठी चित्राचे दोन वेगळे आलेख काढावे लागतात. चौकटींचा कागद स्वतःच आखून घेणे उत्तम; प्रत्येक घराची रुंदी आणि उंची आपल्या गेजच्या प्रमाणात ठेवली की डोळ्यांना दिसते तेच कापडावर उतरते. मुक्या खांबाचा टाका चौरसाच्या बराच जवळ असतो, म्हणून वहीतले चित्र क्रोशात पुष्कळदा निभावून जाते आणि याच अनुभवामुळे सुयांवर फसगत होते. क्रोशातही गोल विणताना एक काळजी घ्यावी: कापड न उलटवता गोल गोल गेले की टाके हळूहळू एका बाजूला सरकत जातात आणि उभी रेघ तिरकी होते. चित्राचा भाग सरळ ओळींत विणून नंतर शिवावा, हे मला जास्त खात्रीचे वाटते.

मुंढ्याला पायऱ्या

सुयांवर मुंढ्याचा उतार दर दुसऱ्या ओळीला एक टाका कमी करून छान गोलाईने येतो, कारण त्या दोन ओळींची उंची मिळून जेमतेम पाऊण सेंटीमीटर भरते. क्रोशाच्या पूर्ण खांबाची, म्हणजे उंच टाक्याची, एकच ओळ एक सेंटीमीटरहून उंच असते. तेच उताराचे गणित खांबांना लावले की मुंढ्याला घाटाच्या पायऱ्यांसारखे दात पडतात. येथे ओळीच्या टोकाशी एकदम खांब न घालता आधी मुका खांब, मग अर्धा खांब आणि मग पूर्ण खांब असे चढत जावे, म्हणजे पायरीचा कोपरा बुजतो.

गोल टोपीतही आकडे असेच उचलता येत नाहीत. सपाट गोल हवा असेल तर मुक्या खांबाला प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवतात, पूर्ण खांबाला १२, तर सुयांवर साधारणपणे एक फेरी सोडून ८.

धागा कमी पडणे

भरीव क्रोशाला त्याच क्षेत्रफळासाठी सुयांपेक्षा जास्त धागा लागतो. किती जास्त, हे अंदाजाने ठरवू नये. आधी त्याच धाग्याचे चाचणीचे छोटे चौकोन विणून ते तोलून काढावे. समजा, १५ सेंटीमीटर लांबी-रुंदीचा सुयांचा चौकोन ९ ग्रॅम भरला आणि क्रोशाचा १२ ग्रॅम. पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी ५१ बाय ५८ सेंटीमीटर असेल, तर सुयांवर सुमारे २३७ ग्रॅम आणि क्रोशाने सुमारे ३१५ ग्रॅम धागा लागेल. स्वयंपाकघरातला काटा पुष्कळदा इतके हलके वजन नीट दाखवत नाही. दागिने तोलण्याचा छोटा काटा असेल तर तो वापरावा. जांभळी नाक्याच्या बाजारातून धागा आणताना एक गोळा जास्तीचा घ्यावा आणि सर्व गोळ्यांवरचा लॉट नंबर एकच आहे हे दुकानातच पाहावे. दोन लॉटमधला रंगाचा फरक दुकानाच्या दिव्यात दिसत नाही, अंगावर उन्हात दिसतो.

सैलपणाचा हिशोबही क्रोशासाठी वेगळा ठेवावा. छाती ९६ सेंटीमीटर असेल तर सुयांवर १०० सेंटीमीटरचा घेर सहज चालतो, कारण कापड ताणते. तोच घेर जाड क्रोशात अंगाला आवळतो. बाह्या क्रोशाच्या असतील तर हा फरक दंडाला लगेच जाणवतो.

नमुना लिहून काढताना

आपला नमुना दुसऱ्या कोणाला द्यायचा असेल तर सुईचा आकार मिलिमीटरमध्येच लिहावा. आपल्याकडे सुयांवर अजून जुने ब्रिटिश नंबर असतात आणि ते उलटे चालतात, नंबर मोठा तशी सुई बारीक. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते, अमेरिकन नमुन्यातील ८ नंबर ५ मिलिमीटरचा असतो. एवढ्याने स्वेटरचे मापच बदलते. क्रोशाच्या इंग्रजी नावांचाही असाच घोळ आहे: अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश डबल क्रोशे, आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. त्यामुळे मुका खांब, अर्धा खांब, खांब ही आपली नावे वापरावीत आणि प्रत्येकात किती वेळा धागा ओढून घ्यायचा हे पहिल्या पानावर एकदा लिहून टाकावे, कारण घरोघरी ही नावेही थोडी बदलतात. ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्या पहिला खांब म्हणून मोजायच्या की नाही, हे न लिहिल्यामुळे टाके कमी-जास्त झाल्याचे जितके प्रश्न मला विचारले गेले आहेत, तितके दुसऱ्या कशाबद्दलही नाहीत.

चौकोन धुऊन, टांगून मोजा

शेवटची चूक सर्वांत आधी होते, ती म्हणजे ताज्या विणलेल्या चौकोनावर गेज मोजणे. सुती धागा स्वतःच्या वजनाने खाली ओढतो, क्रोशाची जाळी तर विशेषच. मी दोन्ही चौकोन धुते, सपाट वाळवते आणि मोजते. मग खिडकीच्या दोरीवर चिमटे लावून रात्रभर टांगते. खालच्या कडेलाही दोन-तीन चिमटे लावते, म्हणजे पूर्ण कपड्याच्या वजनाची थोडी कल्पना येते. सकाळी पुन्हा मोजल्यावर सुयांचा चौकोन अर्धा सेंटीमीटर आणि क्रोशाचा एक सेंटीमीटर वाढलेला दिसला, तर दोन्ही भाग एकाच कपड्यात किती वेगवेगळे लोंबतील हे विणण्याआधीच कळते आणि क्रोशाच्या भागाची उंची त्या प्रमाणात कमी धरता येते. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात सुती चौकोन दोन दिवसांतही पुरता वाळत नाही. दमट चौकोनाचे माप लांब येते, म्हणून त्या दिवसांत तो पंख्याखाली ठेवावा, गालाला लावून पाहावा आणि गार लागत असेल तर फूटपट्टी बाजूला ठेवून आणखी एक रात्र थांबावे.