डायलिसिस युनिटला नवीन जॉइन झालेल्या सिस्टर-ब्रदर्ससाठी, पेशंटशी कसं वागायचं

पेशंट काट्यावर उभा राहतो, ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन) 50 किलो आणि काटा दाखवतो 54, की आपण सगळ्या हॉलसमोर "काका किती पाणी प्यालात हो" सुरू करतो. हे करू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास असतो, एक आजी मला म्हणाली "तिस लागनी व माय" (तहान लागली गं) आणि रडायलाच लागली. जवळ बसा, आधी मिठाचं विचारा, कारण तहान मिठाने वाढते आणि बिबड्या, लोणचं, शेवभाजी यातलं मीठ कुणी मोजत नाही. रावेर-यावलकडच्या माणसाला नुसतं "केळी बंद" म्हणून पण भागत नाही, घरचीच बाग असते त्याची, केळ्यांनी रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं हे त्याला नीट समजावून सांगा.

आणि आलंय 4 लिटर तर आज सगळं काढूनच पाठवू, असं नाही. 50 किलोच्या माणसाचं 4 तासांत 4 लिटर म्हणजे ताशी किलोमागे 20 मिली, 13 च्या वर गेलं की बीपी पडतं, पायात गोळे येतात, हृदयाला त्रास होतो. डॉक्टरांना सांगून वेळ वाढवा किंवा जादा सेशन घ्या.

तीन तास झाले की कुणीतरी म्हणतंच, सिस्टर काढा ना, चोपड्याची एसटी जाईल. पुढे नको म्हणायचा त्याला हक्क आहे, जबरदस्ती नाही. पण धोका समजावा, डॉक्टरांना कळवा, सही घ्या आणि शीटवर 3 तासच लिहा. 4 लिहिलेत तर पुढचा डॉक्टर खोट्या आकड्यावर औषध ठरवेल, हे मला अजिबात चालत नाही.

हिपॅटायटिस बी वाल्याचं मशीन वेगळं असतं, मग शेजारच्या बेडवरचे विचारतात, त्याचं वेगळं का? "प्रत्येकाचं मशीन डॉक्टर ठरवतात" एवढंच सांगायचं. फाइलवर लाल पेनाने मोठं लिहून ती सगळ्यांना दिसेल अशी ठेवू नका, छोट्या गावात संध्याकाळपर्यंत घरी पोचतं.

मुलगा बाहेर गाठून म्हणेल, बाबांना सांगू नका की हे कायमचं आहे. बाबा शुद्धीत असतील तर आधी त्यांनाच विचारा, "तुम्हाला किती माहिती पाहिजे?" मग डॉक्टरांना बोलवा. आणि फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या) हाताला बीपीचा पट्टा कुणी लावत असेल, अगदी सिनियर असला तरी, तिथल्या तिथे थांबवा.